हलू नका, आक्का

रंजना माझ्याशी शेवटचं बोलली ते एवढंच, “आक्का, हलू नका.” हॉस्पिटलच्या कॉटवर ती झोपलेली, ताप तिला, सलाईन तिच्या हाताला, आणि बोटं कुणाच्या मनगटावर? माझ्या. मी पाणी पाजायला वाकले तर तिने हात धरला आणि नाडी मोजायला लागली. डोळे मिटलेले, ओठ तेवढे पुटपुटत होते. मी म्हटलं, “अगं बाई, पेशंट तू आहेस.” तर म्हणे, हलू नका. मध्येच आकडा चुकला असावा, कपाळाला आठी घालून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं... तेवढ्यात भेटायची वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दोन महिने होतील आता, पण माझा राग काही जात नाही.

रंजना माझी धाकटी जाऊ. आमचे हे आणि भावजी, दोघे भाऊ सियालदहजवळ सोनं गाळायचं काम करतात. आमच्या सांगलीकडची पुष्कळ माणसं या कामापायी कुठं कुठं जाऊन राहिली, तसे आम्ही कलकत्त्याला. दोन खोल्या शेजारी शेजारी, स्वयंपाक एक. मी वीस वर्षांत भाजीवाल्यापलीकडे कुणाशी बोलले नाही. ही आली आणि वर्षभरात बंगाली बोलायला लागली, दोन वर्षांत बालीगंजच्या एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागली. पेशंटला पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं. कशाला गं हे, विचारलं तर म्हणाली, “आया राहायला नाही जात आक्का, नर्स व्हायला जातेय.” दहावी झालेली होती. बारावी करायची, मग नर्सिंगला अर्ज, आणि तेही वय उलटून जायच्या आत. सगळं तिने मनात मांडून ठेवलेलं, आम्हाला फक्त कळवलं.

तिथं आयाला मशीनला हात लावू देत नसत. एकदा एका आजोबांचा श्वास तिला वेगळा वाटला, तर सिस्टरला सांगायला गेली. सिस्टर म्हणाली, “मासी, तोमार काज तुमि करो.” मावशी, तुझं काम तू कर. घरी येऊन भांडी आपटली. “मासी म्हणते मला! माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल ती!” मग जे तिथं करू देत नाहीत ते घरी करायचं ठरलं, आणि घरी रिकामी कोण? मी. कुठून तरी बीपीचं जुनं मशीन आणलं. सकाळची ड्युटी करून तीनला यायची, हातपाय धुवायची आणि माझ्या दंडाला पट्टा आवळायची. मी कणीक मळत असले तरी. चादरीचे कोपरे हॉस्पिटलसारखे गादीखाली इतके घट्ट खोचायची की आमचे हे रात्री पाय घालायला गेले की ओरडायचे, “माझं काय पाकीट करून पोस्टात टाकायचंय का?” एकदा मला पलंगावर आडवी केली, बेशुद्ध पेशंटला वळवायचं शिकायचं म्हणून.

“आक्का, तुम्ही बेशुद्ध आहात, बोलायचं नाही.”

“मी बेशुद्ध, मग गॅसवरची डाळ कोण बघणार?”

“नातेवाईक बघतील.”

नातेवाईक म्हणजे कोण, तर तीच. डाळ करपली ती करपलीच. तळपायापर्यंत लाज वाटायची मला, कुणी असं अंगाला हात लावलेला मला खपत नाही. पण तिला नाही म्हणणं हे भिंतीला नाही म्हणण्यासारखं. एका वहीत तिने माझं नाव घालून पानं आखली होती. तारीख, ताप, नाडी, बीपी. त्यातूनच निघालं की माझं बीपी जास्त आहे. दवाखान्यात ओढत नेलं, गोळी सुरू केली. मी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायचे. तिने डबाच उपडा केला. “पहिलीच पेशंट अशी चोर मिळाली मला!”

बारावीचा फॉर्म तिने बाहेरून भरला, तर अभ्यासालाही मीच. पुस्तकं हिंदीत, म्हणून अक्षर लागायचं. चौथी शिकलेली बाई मी, बोट ठेवून एकेक शब्द वाचत प्रश्न विचारायचे आणि ती भाकरी थापत उत्तर द्यायची. हृदयाचे कप्पे चार, हे मला तिच्यामुळे ठाऊक. मी अडखळले की ती पुस्तकाकडे न बघता पुढचा शब्द सांगायची. मग मला कशाला बसवलं होतं, देव जाणे.

पेपर झाले, आणि निकालाची वाट बघताना तिला ताप आला. मी कपाळाला हात लावला, चटका बसला. म्हटलं, “थर्मामीटर कुठाय?” तर म्हणे, “तो तुमच्यासाठी आहे.” पेपरांपायी सुट्ट्या संपल्या होत्या, आणखी घेतली तर कामावरून काढतील ही धास्ती. तीन दिवस गोळी घेऊन ड्युटीला गेली. दुसऱ्यांची अंगं पुसली. मला बजावलं, “ह्यांना सांगू नका, घरी बसवतील.” आणि मी सांगितलं नाही. भिंतीपलीकडे भावजी जेवत होते, एक हाक मारायची होती... मारली नाही. चौथ्या दिवशी तिला उठवेना. डेंग्यू निघाला. उशीर झाला, म्हणाले. तिचा राग येतो तो खरा, पण तेवढाच माझाही येतो.

महिन्याने तिच्या फोनवर निरोप आला, पास. भावजी म्हणाले, “राहू द्या वहिनी, काय करायचाय तो निकालाचा कागद?” दुसऱ्या दिवशी सियालदहहून एकटी लोकलने बालीगंजला गेले, जन्मात पहिल्यांदा. तिच्या परीक्षेच्या केंद्रावर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “जिसका है, उसको भेजिए.” मी पुटपुटले, ती येऊ शकत नाही. “तो जब आ सके तब भेजिए.” मागची मुलं ढकलायला लागली. तेव्हा माझा आवाज कुठून निघाला कळलं नाही. “वो मर गयी है!” मागचं ढकलणं थांबलं. त्याने मान वर केली. हळू आवाजात सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा, घरच्यांची चिठ्ठी आणा. म्हणजे पुन्हा एकदा खेप! चिठ्ठीवर सही करताना भावजींनी तोंड फिरवलं. दुसऱ्या खेपेला कागद मिळाला. जीवशास्त्रात सगळ्यात जास्त गुण आहेत.

तो कागद ठेवायला तिची वही काढली. माझी पानं मोजली, बेचाळीस निघाली. मग तिचं पान शोधलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा शोधलं. नाही. स्वतःच्या नावाचं एक पान नाही, एक आकडा नाही. याच वहीच्या उरलेल्या पानांवर मी हे लिहितेय.

गोळी आता रोज घेते. मशीन मला चालवता येत नाही, पण नाडी मोजता येते. तीन वाजले की हात आपोआप पुढे होतो. मग घड्याळासमोर बसते, मनगटावर बोटं ठेवते. चाळीस-पन्नासच्या आसपास कुठंतरी आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजते. आज ब्याऐंशी. डाळ करपल्याचा वास येत होता, तरी उठले नाही. घे लिहून, हलले नाही मी.