सांतियागोतली ती बाई

दोमितिला पार्रानं आमच्या बारिनास शहरातल्या शाळेत बावीस वर्षं स्वयंपाक केला. नवरा लवकर गेला. मुलाला, विल्मेरला, तिनं एकटीनं वाढवलं. तो चिलीला, सांतियागोला गेला, त्याला सहा वर्षं झाली. तिथंच त्याचं लग्न ठरलं, पण हिला पासपोर्ट काही मिळेना. शेवटी आईनं मोबाइलवरूनच लग्नाला हजर राहायचं ठरलं.

फोन धरायला शेजारीण म्हणून मी होते. दोमितिला निळा झगा घालून ताठ बसली होती.

विल्मेर दिसला. एक जाडजूड बाई त्याचा टाय सारखा करत होती. त्याची घरमालकीण, ग्रासिएला.

"बघ, कशी मिरवतेय!" दोमितिला म्हणाली. "जसं काही हिनंच नऊ महिने पोटात वाढवलाय."

"अगं, ऐकू जाईल."

"जाऊ दे!"

आमच्याकडे मुलं घराबाहेर पडताना आईकडे आशीर्वाद मागतात. विल्मेर लग्न लावणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जायला निघाला आणि सवयीनं त्या बाईलाच म्हणाला, "आशीर्वाद द्या." तिनं त्याच्या कपाळावर क्रूस काढला.

दोमितिलानं माझ्या हातातून फोन हिसकावून बंद केला.

"अगं, लग्न चाललंय!"

"चालू दे. आई आहे ना तिथं."

फोन तीनदा वाजला. चौथ्यांदा मीच उचलला आणि तिच्यासमोर धरला. पडद्यावर ग्रासिएला.

"दोमितिलाबाई, माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, पण त्याला आशीर्वाद द्या. तुमच्याशिवाय तो सही करणार नाही म्हणतोय. तापानं फणफणला होता, तेव्हा मला आईच समजला. तेव्हापासून ही सवय लागली."

"ताप? कधी?"

"दोन वर्षं झाली. तुम्ही रडाल म्हणून सांगितलं नाही त्यानं."

दोमितिलाचा चेहरा उतरला. पोराचा तापसुद्धा त्या बाईच्या वाट्याला गेला होता.

"काय खायला घातलंत?"

"कोंबडीचं सूप."

"कोथिंबीर घालून?"

"नाही हो."

"मग कसलं सूप ते!" दोमितिलानं डोळे पुसले. "द्या त्याला फोन."

तिनं भरभरून आशीर्वाद दिला. लग्न लागलं. तिथल्या टाळ्या आमच्यापर्यंत तुटक तुटक पोचल्या.

आता दर रविवारी ती ग्रासिएलालाच आधी फोन करते. पोरगा लपवतो ते तिथं कळतं. फोन ठेवला की मला म्हणते, "ती बाई फार बोलते."