मुक्ताबाईची सही

बजाजनगरात मुक्ताबाईची मेस आहे. एका कंपनीला ती रोज डबे पुरवते आणि कंपनी तिच्या नावाचा चेक देते. चेकवरचं ते नाव तिच्या नवऱ्याला, कडुबाला, कायम खुपायचं.

कडुबा पूर्वी कुठल्याशा कारखान्याच्या शेडमध्ये सुपरवायझर होता. शेड बंद पडली, पण याच्या अंगातला सुपरवायझर काही निघाला नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दिवसभर टपरीवर बसून जगाला अक्कल वाटणं. बायको भट्टीपाशी घाम गाळायची आणि हा लोकांना सांगायचा, "आपला केटरिंगचा धंदा हाये."

लग्न झाल्यापासून तिच्या सह्याही तोच करायचा. रेशनचा फॉर्म असो की गॅसचं पुस्तक, "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणत लफ्फेदार 'मुक्ताबाई' ठोकून द्यायचा. बँकेत खातं उघडताना तेवढं तिथल्या मॅडमनी तिलाच समोर बसवून सही करायला लावली होती.

एकदा त्यानं कंपनीचा चेक उचलला, मागं तिच्या नावाची सही केली आणि स्वतःच्या खात्यात भरायला गेला. मॅडमनी चेक परत सरकवला.

"हा त्यांच्याच खात्यात जाईल."

"अहो, नवरा-बायको काय वेगळे असतात व्हय?"

"घरात नसतील, खाती वेगळी आहेत. त्यांच्या खात्यात भरायचा तर तुम्हीही भरू शकता, स्लिप लिहा. पण त्यांची सही तुम्ही करायची नाही."

चेक निमूट तिच्या खात्यात भरून कडुबा बाहेर पडला. बाकीचं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

पुढं पैठणला त्याच्या भाचीचं लग्न ठरलं. भर बैठकीत यानं छाती फुगवली, "मामाकडून फ्रीज!" बायकोला विचारायची गरज त्याला कधी वाटलीच नव्हती. पिठाच्या डब्यामागचं तिचं चेकबुक काढलं, चेक लिहिला, खाली नेहमीची लफ्फेदार सही. दुकानदारानं फ्रीजवर 'कडुबा मामांकडून सप्रेम भेट' अशी पट्टीही लावली. फक्त चेक वटल्यावर पाठवतो म्हणाला.

चेक परत आला. दुकानातली पोरं मुक्ताबाईकडंच जेवायची, म्हणून दुकानदारानं थेट तिलाच फोन लावला.

"मावशी, सही जुळंना म्हणतेत."

"म्या कुठं केली सही?"

पिठाचे हात तसेच पदराला पुसत ती बँकेत गेली. मागून कडुबा, शर्ट घामानं चिकटलेला. मॅडमनी खातं उघडतानाची आणि चेकवरची सही शेजारी शेजारी दाखवली आणि विचारलं, "तक्रार करायचीय?"

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. "नको. ह्यांना आत टाकलं तर तिथं बी डबा मलाच न्यावा लागंल."

मॅडमना हसू आवरेना. कडुबाला तेही कळलं नाही. "मंग नवऱ्याला काय अधिकारच नाय?"

"त्यांनी लेखी दिला तर आहे. तेव्हाही सही तुमची, तुमच्या नावाची. नाहीतर दोघांचं जॉइंट खातं करा."

"द्या मग फॉर्म!" कडुबानं पेन काढलं. "मुक्ते, कर सही."

"इतकी वर्षं तुमीच करत आलात की माझी सही. आता माझं काय काम?" एवढं बोलून ती उठली. फॉर्म टेबलावर तसाच कोरा राहिला.

लग्नात मुक्ताबाईनं स्वतः पारखून घेतलेली जाड बुडाची पातेली भाचीला दिली. पंगतीत व्याह्यांनी विचारलं, "मामा, फ्रीज कुठाय?"

"येतोय. कंपनीकडूनच लेट झालाय," कडुबा ऐटीत म्हणाला.

मुक्ताबाईच्या हातात वरणाची बादली होती. "नाय येणार," ती जागेवरूनच म्हणाली. "ह्यांनी माझी खोटी सही केली, बँकेनं धरली." आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. कडुबानं मान खाली घातली ती हात धुवेपर्यंत वर केली नाही.

आता चेक भरायला तोच जातो. स्लिपवर बायकोचा खाते नंबर लिहितो, खिडकीवर भरतो आणि टपरीवर येऊन सांगतो, "बँकेचं सगळं मीच बघतो." कुणी मुक्ताबाईला विचारलं तर ती म्हणते, "व्हय, बघत्यात की. रांगेत हुबं राहून."