याडीनं वाटलेला गूळ

माझ्या शाळासोबत्याइतका दारात उभा राहिलेला माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. देशाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता तो, तेव्हा मैदानावर दार राखणं ओघानं आलंच; पण हा लग्नात मांडवाच्या दारात, एसटीत चढला की एसटीच्या दारात, आणि माझ्या घरी आला तरी खुर्ची सोडून उंबऱ्यावर. आत ये म्हटलं तर म्हणतो, "राहू दे, इथूनच सारं दिसते." दिग्रसच्या स्टँडवर एका बाईच्या हातून पेरूची पिशवी सुटली, तर एकही पेरू त्यानं जमिनीला लागू दिला नाही. बाई मात्र त्याच्या धक्क्यानं बसली. गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं, म्हणून पुढच्यांना ओरडून सांगायची सवय लागते म्हणे. ती याला अशी लागली की माझ्या काकांच्या अंत्ययात्रेतही हा मागून ओरडत होता, "डावीकून घ्या, डावीकडं मोकळं हाये." खांदेकऱ्यांनी ऐकलं आणि तिरडी नाल्यात जाता जाता वाचली.

गडी तांड्यावरचा, बंजाऱ्याचा. संघात पाच-सहा वर्षं होता, पण राखीव. बाकावर बसून बसून त्यानं अर्धी दुनिया पाहिली. शेवटी पहिल्या गोलकीपरचा पाय दुखावला आणि परदेशातल्या एका सामन्यात याला उभं केलं. तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, घरी टीव्हीसमोर अख्खा तांडा जमला होता, मीही होतो. दीड तास पठ्ठ्यानं काहीही आत जाऊ दिलं नाही. आणि अगदी शेवटी एक मरतुकडा चेंडू, लेकरानं लाथाडल्यासारखा, घरंगळत आला आणि त्याच्या दोन पायांमधून आत गेला. आपण हरलो. त्याला संघात पुन्हा कुणी बोलावलं नाही. तेव्हापासून हा माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसतो.

तर तो गोल झाला आणि नायकाच्या घरात सुतकासारखी शांतता पसरली. त्यात एकटी त्याची याडी, म्हणजे आई, टाळ्या वाजवत होती. तिनं आयुष्यात तो खेळ कधी पाहिला नव्हता. तिला दिसलं ते एवढंच, की इतका वेळ सगळे ज्या चेंडूसाठी जीव टाकत होते, तो तिच्या पोराच्या घरात आला आणि टीव्हीतली माणसं आनंदानं एकमेकांच्या गळ्यात पडली. घरी आलेलं कुणी परत पाठवतं का? "माह्या पोराच्या दारात आला, पाह्यलं ना?" असं म्हणत ती घरी गेली आणि गुळाची ढेप फोडून घेऊन आली. आम्ही खाली माना घातल्या. नायक मात्र उठला, दोन्ही हातांनी गूळ घेतला, तोंडात टाकला आणि आमच्याकडे असं पाहिलं की सगळ्यांनी मुकाट्यानं हात पुढे केले. आठ दिवसांनी हा तोंड लपवत घरी आला, तर याडीनं त्याला ओवाळलं. खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. तांड्यानंही पुढं कधी तोंड उघडलं नाही.

मागच्या वर्षी त्याचा सत्कार करायची अवदसा मलाच आठवली. दिग्रसमध्ये हॉल घेतला, पहिल्या रांगेत याडीला बसवलं. पडद्यावर त्याचा खेळ दाखवू म्हणून आमच्या मंडळातल्या एकाला मोबाईलवरून काहीतरी शोधायला सांगितलं, आणि काय सापडलं ते पाहायचं मी विसरलो. सापडणार काय? तोच गोल. पडद्यावर तो मरतुकडा चेंडू घरंगळायला लागला. हॉलमधल्या व्यापाऱ्यांना काही तांड्याची शपथ नव्हती. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. चेंडू आत गेला आणि याडी टाळ्या वाजवायला लागली, एकटीच. तिनं मागं वळून पाहिलं. कुणी वाजवत का नाही, हे तिला कळेना.

स्टेजवर हा उठला. गळ्यातला हार सावरला आणि स्वतःवर झालेल्या गोलाला त्यानं टाळ्या वाजवल्या. जोरात, हात वर करून. मग मी वाजवल्या, मग सगळ्यांनी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि याडी शेजारणीला सांगत होती, "पोरगं खुशीनं रडून राह्यलं."

याडी गेली या हिवाळ्यात. परवा मी तांड्यावर गेलो, तर तो कधी नव्हे तो घरात, आत, भिंतीला टेकून बसला होता. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "याडी होती तवर एका माणसासाठी तरी आपण ती मॅच जिंकलो होतो, गड्या. आता साऱ्यायसाठीच हारलो."

मला फार वाटलं, म्हणावं, माझ्यासाठी जिंकला होतास. पण तो सामना मीही पाहिला होता, आणि त्याला ते ठाऊक होतं.