वर्षभराचा श्रावण

मासुंद्याच्या तळ्याकडून आमच्या आळीत यायला थोडा चढ आहे. नव्या माणसाला तो चढ आहे हे कळतही नाही. टिपणिसांच्या गोदूबाईंना मात्र तिथे तीनदा थांबावे लागे. पहिल्यांदा त्या पिंपळापाशी थांबत, मग लोहाराच्या भिंतीला हात टेकून, आणि शेवटी आमच्या पायरीवर बसत. श्वास ठिकाणावर आला की म्हणत, “कासार माझ्यासाठी बांगड्या आणत नाही हो मास्तर भावजी, गाडीच्या चाकाच्या धावा आणतो.” आणि आपणच हसत. हसल्याने पुन्हा धाप लागे.

ही १८७८ सालची गोष्ट. तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. त्या गोऱ्या, ठेंगण्या होत्या आणि अंगाने फार वाढल्या होत्या. दोन मुले झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली होती. त्यांचे यजमान हरिहरराव ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. किडकिडीत आणि बोलायला हळू माणूस. दुसरे लग्न कर, असे त्यांच्या आईने त्यांना बरेचदा सुचवले होते. ते दर वेळी ऐकून घेत आणि पागोटे डोक्यावर ठेवून कचेरीत जात.

आम्हा प्रभू मंडळींत मासळीवाचून जेवण म्हणजे उपासच. टिपणिसांच्या घरी चेंदणीची मालन कोळीण रोज पाटी घेऊन येई, आणि गोदूबाईंच्या हातची कोलंबी आळीत नावाजलेली होती. त्या घरात दोन चुली होत्या. मोठी सगळ्यांची. कोपऱ्यातली लहान चूल हरिहररावांच्या आईची, गंगुबाईंची. गंगुबाईंना वैधव्य येऊन बावीस वर्षे झाली होती. त्या चुलीवर वरण, भात आणि एखादी भाजी, एवढेच शिजे, तेही एक वेळ. सवाष्णीने श्रावण आणि उपासाचे वार सोडून मासळीला नाही म्हणू नये, असे आमच्यात कोणी कोणाला शिकवत नाही. ते ठाऊकच असते. नवरा गेला की बाईच्या ताटातून पहिल्याने जाते ती मासळी.

त्या वर्षीचा श्रावण संपत आला होता. हरिहरराव एके दिवशी सकाळीच माझ्या ओटीवर आले. चेहरा उतरलेला होता, पण सांगायची गोष्ट आनंदाची होती. गोदूबाईंना तीन वर्षे आडवे होऊन झोपता येत नव्हते. वळकटीला टेकून, बसूनच त्या रात्र काढीत. त्या पहाटे हरिहररावांना जाग आली तर बाजूने घरघर ऐकू येईना. वाकून पाहिले तर गोदूबाई उताण्या, गाढ झोपल्या होत्या.

“महिनाभर मासळी नाही, तळण नाही,” ते म्हणाले. “त्यानेच असेल का हो?”

कल्याणला पारनाक्याजवळ माझ्या ओळखीचे एक वैद्य होते. आम्ही तिघे आगगाडीने कल्याणला गेलो. वैद्यांनी नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले. बोटाचा खळगा पायावर बराच वेळ तसाच राहिला. मेद फार झाला आहे आणि त्याचा भार काळजावर पडतो आहे, असे त्यांनी सांगितले. मासळी, मटण, तळलेले, गूळ आणि नवा तांदूळ बंद. जुने तांदूळ, मूग, दुधी, पडवळ आणि ताक. श्रावण धरला आहे तो वर्षभर धरा. तसे केले नाही तर दोन वर्षे, फार तर तीन. केले तर वर्षे मोजायला नकोत.

गोदूबाईंनी पदर सारखा करीत विचारले, “दुसरं काही औषध नाही का? मासळी खाऊन घेण्याजोगं?”

वैद्य ब्राह्मण होते. त्यांना प्रश्नच समजला नाही. “त्यात अवघड ते काय?” ते म्हणाले. “आम्ही जन्मभर हेच खातो.”

परतीच्या गाडीत हरिहरराव खिडकीबाहेर बघत राहिले. गोदूबाई मात्र एकदम म्हणाल्या, “मला जगायचंय.” आमच्यापैकी कोणी काही विचारले नव्हते.

गणपती विसर्जन होऊन गेले आणि मालन पाटी घेऊन आली. त्या दिवशी घरात कोलंबी शिजली. गोदूबाईंनीच रांधली, हरिहररावांना वाढली, आणि स्वतः पान घेऊन कोपऱ्यातल्या चुलीकडे गेल्या. घरात मासळीवाचून शिजलेले अन्न तेवढ्याच चुलीवर असे. हरिहररावांनी ताटावरूनच आईला वैद्यांचे सांगणे सांगितले. गंगुबाईंनी सुनेच्या पानात वरणभात वाढला, आणि वाढता वाढता म्हणाल्या, “बावीस वर्षं मी हेच जेवतेय. जेवण वाईट नाही गं. कुणी आपण होऊन मागून घेऊ नये, एवढंच.”

हे मला हरिहररावांनी सांगितले. गंगुबाई दुष्ट नव्हत्या. सुनेची दोन्ही बाळंतपणे त्यांनीच केली होती, आणि मुले गेली तेव्हा सुनेला पोटाशी धरून बसल्या होत्या. त्यांना भीती वाटली. एकुलता एक मुलगा होता तो.

दोन महिन्यांत गोदूबाई निम्म्याने हलक्या झाल्या असे म्हणणार नाही, पण चढावर त्या एकदाच थांबू लागल्या, आणि दिवाळीत तर थांबल्याच नाहीत. आमच्या पायरीपाशी येऊन उभ्याउभ्या म्हणाल्या, “बसत नाही हो. बसायचं कारणच उरलं नाही.” पायांची सूज उतरली. कित्येक वर्षांनी कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत एकट्या जाऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका उघड आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

पण आळीला तो आनंद दिसला नाही. नवरात्रात ओटी भरायला सवाष्णी बोलावल्या, तेव्हा एका घराने गोदूबाईंना वगळले. विचारल्यावर, विसरलो म्हणाले. मालन रोज दारात बसून म्हणे, “काय गो बाय, माजे म्हावऱ्याला वास येतंय काय? शेजारनी इचारतान, टिपणिसांकडं कोन वारला?” ती थट्टाच करीत होती. ऐकणाऱ्या बायका मात्र हसल्या नाहीत.

अंग उतरले तशा बांगड्या सैल झाल्या. कार्तिकात विहिरीवर पाणी ओढताना डाव्या हातातल्या दोन बांगड्या मनगटावरून सरकल्या आणि काठाच्या दगडावर आपटून फुटल्या. गंगुबाई तिथेच होत्या. त्यांनी काचा गोळा केल्या, पदरात बांधल्या, आणि त्याच पावली कासाराला बोलावून आणले. बांगड्या भरून होईपर्यंत त्या सुनेचा तो हात आपल्या हातात धरून बसल्या होत्या, असे कासार पुढे सांगत असे.

मार्गशीर्षात हरिहरराव कचेरीच्या कामाने मुरबाड-शहापूरकडच्या रानात पंधरा दिवस राहून आले आणि तापाने पडले. त्या रानातून आलेल्यांपैकी निम्मे लोक दर वर्षी पडत. त्यांच्याबरोबरचा तानाजी पट्टेवाला त्याच आठवड्यात पडला. हे मी त्या घरात दोनदा बोललो. गंगुबाईंनी ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी मालन आली तेव्हा गोदूबाईंनी दार उघडून तिला आत घेतले. बोंबील घेतले, स्वतः साफ केले, शिजवले, आणि मोठ्या चुलीपाशी पाटावर बसून जेवल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी हरिहररावांच्या उशाशी होतो. वास बाहेर आला तसे त्यांनी डोळे उघडले.

“मास्तर, तिला सांगा,” ते म्हणाले, “माझा ताप बोंबलांनी उतरायचा नाही. कोयनेलाने उतरेल. सांगा तिला.”

मी दारापाशी जाऊन सांगितले. गोदूबाईंनी मान हलवली आणि भातात दुसरा बोंबील कालवला.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मी कोयनेल आणून दिले होते, पण त्याचे नाव आळीत कोणी काढले नाही. ताप उतरला नसता तर कदाचित गोदूबाईंशी वाद घालता आला असता. आता वादाला जागा उरली नाही. नवरात्रात त्यांना विसरलेल्या घरून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिले बोलावणे आले.

पौष संपेपर्यंत पायांना सूज आली. चढावरचे तीनही थांबे परत आले. रात्री वळकटी पुन्हा पाठीशी गेली. हरिहरराव हिंडूफिरू लागले होते, कचेरीतही जात होते. त्यांनी बायकोला पुन्हा वैद्यांचे पथ्य धरायला सांगितले, माझ्यादेखत. पुरुषाने असे विनवून बोलावे, हे त्या काळी जगाला दिसू देत नसत. हरिहरराव ते मला दिसू देत, कारण त्यांना माझी साक्ष हवी होती.

गोदूबाई श्वास घेत घेत म्हणाल्या, “इकडचं अंग तापलं तेव्हा मी दुधी खात होते. इकडून मला ते पुन्हा सांगणं होऊ नये.”

“आणि तुझं काय?”

“माझं काय व्हायचं ते सवाष्णपणी होईल.”

हरिहरराव उठून आत गेले.

माघात हरिहररावांचा ताप परत आला. या खेपेला प्लीहा वाढली होती. डोळे पिवळे झाले आणि कोयनेल पोटात टिकेना. गोदूबाई रोज दुपारी मासळी जेवत होत्या. औषध घ्यावे तशा जेवत. चव नाही, भूक नाही, काटे नीट काढायचेही भान नाही. एकदा काटा घशात अडकला, तर सुका भात गिळून त्यांनी तो उतरवला आणि पुढचा घास घेतला.

फाल्गुनात एका दुपारी त्या पानावरच होत्या. हरिहररावांच्या उशाकडून गंगुबाईंची हाक आली. हात खरकटा तसाच घेऊन त्या धावल्या, म्हणजे जेवढे धावता येत होते तेवढे. पोचेपर्यंत संपले होते.

तेराव्यानंतर गंगुबाईंनी लहान चुलीवरच्या भांड्यात एक मूठ तांदूळ जास्त घातला. दोघी समोरासमोर बसून जेवत. जुना तांदूळ, मूग, दुधी, ताक. एक वेळ. वैद्यांनी सांगितलेले सगळे आले, वर आणखी थोडे. पहिल्या वर्षात गोदूबाईंच्या अंगावरचा मेद सगळा उतरला. धाप गेली, सूज गेली. गंगुबाई सहा वर्षांनी गेल्या, तेव्हा त्यांना शेवटचे तीन महिने गोदूबाईंनीच उचलून बसते केले. आधी स्वतःला उठायला जी बाई भिंत धरीत असे, तिने.

आज त्या चोपन्न वर्षांच्या आहेत. तळ्याच्या पायऱ्या दोन कळशा घेऊन चढतात. आळीतल्या नव्या सुना त्यांना विचारतात, काकू, तुमची तब्येत इतकी कशी चांगली, काय खाता? त्या खरे तेच सांगतात. मग सुना विषय बदलतात.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना एकदाच छेडले. म्हटले, वहिनी, त्या वर्षी आपल्या आळीत तापाने आणखी सात पुरुष गेले. सातांच्या बायका रोज मासळी खात होत्या. मग त्यांचे पुरुष कशाने गेले? ताप तो ताप.

त्या वाल निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, “खरंय भावजी. पण त्या बायकांनी काही मागितलं नव्हतं. मी जगायला मागितलं होतं.”

मग म्हणाल्या, थंडी फार आहे, दोन दिवस झाले तरी वालांना मोड येत नाहीत, भांडे चुलीजवळ ठेवून पाहते.