नानांच्या कवितांची दुसरी आवृत्ती

“पुढं सरका, पुढं लई जागा हाय!”

हे वाक्य एसटीत ऐकलं तर कुणाला काही वाटत नाही. पण नाना ते कुठंही म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत म्हणायचे, दवाखान्याच्या रांगेत म्हणायचे. एकदा आमच्या गल्लीत एकाचा म्हातारा बाप वारला. नाना भेटायला गेले आणि त्या रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, “पुढं सरकायचं बाबा. पुढं लई जागा हाय.” मी शेजारीच बसलो होतो. त्या माणसाला रडू आवरेना आणि मला हसू. शेवटी लोकांनी मलाच तिथून उठवलं.

नोकरी सुटते पण अंगातून जात नाही, असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. नाना बीडच्या डेपोत कंडक्टर होते आणि राहायला आमच्या चौसाळ्यात, माझ्या छापखान्याच्या मागच्या बाजूला. नोकरी तिकिटं फाडायची, वेड कवितेचं आणि हातबाहुल्यांचं. पुढं तिकिटं मशीनवर निघायला लागली, तिकिटाला भोक पाडायचे जुने पंच भंगारात निघाले, आणि त्यातला एक नानांच्या खिशातून निघाला. तो पंच टेबलावर टिक टिक वाजवत ते कविता जुळवायचे.

“ऐक बे,” म्हणायचे.

बालाघाटावरून ऊन उतरलं,
खिडकीपाशी येऊन बसलं;
तिकीट मागता हळूच म्हणतं,
रोजचंच मी, तुला न्हाई दिसलं?

“कशी हाय?”

“चांगली आहे, नाना.”

“चांगली म्हंजी? बसायला जागा हाय, का उभ्यानं जावं लागतंय?”

याला काय उत्तर द्यायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी आपलं “खिडकीची जागा आहे” म्हणायचो. ते खूष व्हायचे.

या कवितांचं पुस्तक छापायचं काम माझ्याकडं आलं. माझा छापखाना लग्नपत्रिकांचा. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ यापलीकडं माझा साहित्याशी संबंध नव्हता. मी मन लावून काम केलं, आणि सोळा पानांचा एक फर्मा उलटा बांधला. एका प्रतीत नव्हे, सगळ्या प्रतींत. म्हणजे वाचक निम्म्यात आला की त्यानं पुस्तक डोक्यावर उभं करायचं, सोळा पानं वाचायची आणि पुन्हा सुलटं धरायचं.

मी शाई पुसायच्या चिंधीनं तोंड पुसत उभा होतो. नानांनी पुस्तक फिरवलं, वाचलं, पुन्हा फिरवलं.

“घाटातली गाडी हाय की बे,” म्हणाले. “वळणं लागणारच. पुढं सरक.”

पुस्तक काही खपलं नाही. गठ्ठे घरात पडून राहिले. आता इथं काकूंची ओळख करून दिली पाहिजे. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. एसटीची घंटी तुम्हाला माहीत आहेच: एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. काकू म्हणजे त्या घरातला एक टोला. त्यांनी सांगून टाकलं, “एक तर ही बुकं ऱ्हातील, न्हाईतर मी ऱ्हाईन.”

नानांनी गठ्ठे पाण्याच्या टिपाडात बुडवले. लगदा केला, त्यात डिंक घातला, वाळवी लागू नये म्हणून मेथीची पूड घातली आणि बाहुल्यांची डोकी करायला बसले.

“नाना, हे काय?”

“दुसरी आवृत्ती काढतोय,” ते म्हणाले.

राजा, गाढव, ससा, सासू, सगळ्यांची डोकी नानांच्या कवितेची, आणि खेळात त्यांच्या तोंडी बोलणंही त्याच पुस्तकातलं. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत उरली, ती माझ्या कपाटात. मी ती उघडलीच नव्हती, म्हणून अगदी सुस्थितीत होती.

डोकी कवितेची आणि चेहरे घरच्यांचे. राजाला नानांनी मेहुण्याचं नाक दिलं. मेहुणे गेवराईहून खेळ बघायला आले, राजाला बघून सगळ्यांत मोठ्यांदा हसले, आणि घरी जाऊन आरशात बघितल्यावर दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. सशाला मुलाचे पुढचे दात. मुलगा आता पुण्यात मोठ्या पगारावर आहे, दात तारा लावून सरळ करून घेतलेत. ससा मात्र आहे तसाच आहे. लेकीनं कॉलेजात जाताना वेणी कापली, तिचा सासूला अंबाडा झाला.

काकूंनी मात्र आधीच बजावलं होतं, “माझं तोंड कुणाच्या बोटावर नाचायचं न्हाई.” नानांनी शब्द पाळला. तोंड नाही घेतलं. नुसते डोळे घेतले आणि गाढवाला लावले.

काकूंनी एका नजरेत ओळखलं. “गाढवाला?”

“पोरं सगळ्यात जास्त जीव गाढवालाच लावत्यात,” नाना म्हणाले.

त्या रात्री नानांच्या ताटात भाकरी पडली, कालवण पडलं नाही.

तरीही खेळाला काकू असायच्याच. दोन बांबूंना पडदा बांधलेला, पडद्याआड नाना, आणि त्यांच्या मागं बाहुल्यांच्या पेटीवर बसून एकेक बाहुली हातात देणाऱ्या काकू, तोंड वाकडं करून. खाकी शर्टातला कंडक्टर बाहुला दोन्ही हातांत खरा पंच धरून यायचा, पेटीवर दोन टोले द्यायचा, आणि खेळ सुरू. पोरांनी गोंगाट केला की एक टोला. सगळी शाळा चिडीचूप. शेवटी पुन्हा दोन टोले.

मग नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

पाली, मांजरसुंबा, चौसाळा, येरमाळा ही नावं ज्यांच्या तोंडून आम्ही गाण्यासारखी ऐकली, ते नाना गळ्याला रुमाल बांधून, मांडीवर पाटी घेऊन स्टँडवर बसायला लागले. गाडी यायची, जायची. ते बघायचे. एके दिवशी त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली. वर लिहिलं होतं : ‘पेटी शाळेला देऊन टाक.’

त्याच संध्याकाळी काकू छापखान्यात आल्या. उभ्यानंच म्हणाल्या, “भाऊ, पेटी गेली तर हा माणूस बी जाईल. तुमी एक खेळ करा त्यांच्यासंगं. हात त्यांचे हायेत की अजून. आवाज तुमी द्या.”

“काकू, मला पाठ नाही.”

“बुक हाय न्हवं तुमच्याकडं? बघून वाचा.”

नानांना मी कसंबसं तयार केलं. शाळेच्या ओट्यावर पडदा लागला. नानांच्या एका हातात राजा, दुसऱ्या हातात गाढव, मागं पेटीवर काकू, आणि बाजूला उकिडवा बसलेला मी, पुस्तक घेऊन. सुरुवात झकास झाली. राजा रुबाबात बोलला, गाढव नम्रपणे बोललं. मी स्वतःवरच खूष झालो. आणि पान उलटलं.

उलटा फर्मा!

मी पुस्तक फिरवलं, ओळ हरवली. पुन्हा फिरवलं, चष्मा पडला. सापडेल ते वाचायला लागलो. गाढव दरडावून म्हणालं, “कोण आहे रे तिकडे? याला हत्तीच्या पायी द्या!” आणि मेहुण्याच्या नाकाचा राजा मान वर करून ओरडला, “होंची, होंची!” पोरं हसून लोळायची बाकी होती. नानांचे हात थांबले. राजा हळूहळू खाली यायला लागला. मी नानांच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा बघायचं धाडस केलं नाही. हा राजा आता खाली गेला की पुन्हा वर येणार नाही, एवढं मलासुद्धा कळलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. “सरका. पुढं सरका!”

अगदी नानांच्या चालीत. मी सरकलो. काकू पेटीवरून उठल्या, पडद्याशी आल्या आणि गाढवाकडून बोलायला लागल्या. पुस्तक नाही, काही नाही. ज्या कवितांच्या नावानं जन्मभर बोटं मोडली, त्या सगळ्या बाईंना पाठ! बालाघाटावरून ऊन उतरलं, खिडकीपाशी येऊन बसलं. नानांच्या बोटांत पुन्हा जीव आला. राजा वर आला.

आणि मग काकूंनी पदरचं घातलं. गाढव राजाला म्हणालं, “लगीन होऊन आल्यापास्नं तूच बोलतुयास. आता जरा माझं ऐक.”

राजा थबकला. मग त्या राजानं सावकाश कमरेत वाकून गाढवाला मुजरा केला.

त्यानंतर त्यांनी कितीतरी खेळ केले. घाटनांदूरला जत्रेत केला, गेवराईला तर खुद्द मेहुण्यांनी बोलावून केला. काकू दर खेळाला नवं काहीतरी घालायच्या : कधी न आणलेली साडी, कधी करपलेली डाळ. नाना राजाची मान जोरजोरात हलवून ‘खोटं, खोटं’ म्हणायचे. लोकांना तो खेळाचाच भाग वाटायचा. मूळ ओळी किती बदलल्या म्हणून मी एकदा चिंता व्यक्त केली, तर नानांनी पाटीवर लिहिलं : ‘तिसरी आवृत्ती. सुलटी छापलीय.’

गेल्या थंडीत नाना झोपेतच गेले. काकू मला म्हणाल्या, “काय बोलले बी न्हाईत जाताना.” आणि मग स्वतःच, “बोलणार कशानं म्हणा.” भेटायला आलेल्या कुणालाच त्यांना काय म्हणावं ते सुचेना. ज्याला सुचलं असतं, तोच नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळेनं पुन्हा खेळ मागितला. मला वाटलं, काकू नाही म्हणतील. त्या पेटी घेऊन माझ्या दारात उभ्या. “आवाज हाय माझ्याकडं,” म्हणाल्या. “हात तुमचे द्या.”

बाहुल्या हातात घातल्या तर आत नानांच्या बोटांनी जागा करून ठेवलेली. माझी बोटं तिथं पाहुण्यासारखी. गाढव लंगडलं, ससा दोनदा उलटा निघाला, राजानं मुजरा केला तो पोरांकडं पाठ करून. काकू सगळं सांभाळून घेत होत्या. शेवटचं गाणं त्यांनी म्हटलं आणि माझ्याकडं बघितलं. खाकी शर्टातला कंडक्टर मी वर घेतला. त्याच्या हातातला पंच पेटीवर आपटला.

टक.

आणि पंच निसटून खाली पडला. मी चाचपडत होतो, दुसरा टोला राहिला होता, समोर सगळी शाळा चिडीचूप बसून होती.

काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ द्या भाऊ,” म्हणाल्या. “थांबू द्या गाडी जराशी.”