आक्काकडचा चहा आणि आमचा रस्ता

चार माणसं रस्ता सुधारायला निघाली की रस्त्याचं काय व्हायचं ते होवो, किश्श्यांचा मात्र खडीसारखा ढीग पडतो! अंधेरीच्या आमच्या आळीत असा ढीग पडला, तेव्हा नवं स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती.

खाणीवरच्या खडीच्या लॉऱ्या आमच्या आळीतून सुसाट जायच्या. एकदा एक इतक्या जवळून गेली की नाना प्रधानांच्या बायकोच्या, माईंच्या, हातातली चहाची किटली गटारात! तेव्हापासून माईंनी समोर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीकडे, आक्काकडे, जाणं सोडलं. रोजचा संध्याकाळचा चहा बंद. दोघी आपापल्या गॅलरीतून ओरडून बोलायच्या, त्यामुळे कोणाची आमटी खारट झाली ते साऱ्या आळीला ठाऊक.

"एकदा निवांत चालत आक्काकडे जायचंय हो," माई म्हणायच्या. ऐकून खरंच वाईट वाटायचं. मग नाना अध्यक्ष झाले, मी आणि जोशी मास्तर सभासद, आणि रस्ता सुधार समिती निघाली.

*

पहिलं काम खड्डे बुजवणं. दोन रविवार आम्ही घमेली उचलली. रस्ता झकास झाला!

सोमवारी लॉऱ्या दुप्पट वेगाने आल्या. माई गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, खड्डे होते तेव्हा मेले निदान कण्हत तरी यायचे!"

*

मग पाटी. मजकूर जोशी मास्तरांचा. 'समस्त वाहनचालक बंधूंस सविनय विनंती की' इथून सुरुवात, आणि 'हळू' हा शब्द शेवटच्या ओळीत.

एका ड्रायव्हरने लॉरी थांबवून अर्धी पाटी वाचली. आम्हांला केवढा आनंद! तो म्हणाला, "मास्तर, एवढं वाचायचं तर रजा काढायला लागेल." आणि गेला भरधाव.

*

नानांनी मग रस्त्यात आडवा मातीचा बांध घातला, आणि कडेला चुन्याचे दगड मांडून चालणाऱ्यांसाठी सुरेख पायवाट केली. लॉऱ्या बांध टाळून पायवाटेवरून जाऊ लागल्या. बांधावर आपटायच्या त्या फक्त आमच्या सायकली. पहिले पडले अध्यक्ष!

"लागलं का नाना?" मी धावलो.

धोतर झटकत ते म्हणाले, "छे! उंची तपासत होतो."

पुढे पायवाटेच्या तोंडाशी मोठे धोंडे रोवले. पायवाटेवरून लॉऱ्या जायच्या थांबल्या आणि बांधच सपाट करून पळू लागल्या, पण पायवाटेची स्वच्छ जागा बघून बायकांनी तिथे पापड वाळत घातले.

"अगं, ही चालायची जागा आहे!" नाना ओरडले.

"मग चाला ना, कोण नको म्हणतंय?" आक्का गॅलरीतून म्हणाली. "फक्त पापडांवर पाय देऊ नका!"

*

समितीची अशी वाट लागलेली असताना जानकीबाई कोळीण आक्काच्या दाराशी मासे विकायला बसू लागली. आळीतली एक बेवारशी काळी मांजर माईंच्या जिन्यात झोपायची. जानकीबाईचं गिऱ्हाइकांना "ये गो ये!" ऐकू आलं की ती रस्ता ओलांडून मासळीच्या मुंडक्यांकडे निघायची.

आणि मांजर आडवं गेलं की लॉरीवाला करकचून ब्रेक मारायचा! दुसरं कोणी तिथून पुढे गेल्याशिवाय हलायचा नाही. समितीला वर्षभरात जमलं नाही ते मांजरीने आठवड्यात केलं. नानांनी ठराव मांडला, "मांजरीला सभासद करून घ्यावं." मास्तरांनी अनुमोदन दिलं.

*

शेवटी एके संध्याकाळी म्युनिसिपालिटीचे इंजिनियरसाहेब पाहणीला आले. जीप आळीत शिरली, तेवढ्यात "ये गो ये!" मांजर आडवी.

जीप थांबली. मागे दोन लॉऱ्या थांबल्या. समोरून आम्ही सभासद सायकलींवर येत होतो, आम्हीही थांबलो.

"साहेब, तुम्ही शिकलेले. काढा जीप पुढे," मी म्हणालो.

"माझा नाही हो विश्वास असल्या गोष्टींवर," साहेब म्हणाले, "पण आज मुलीला बघायला पाहुणे येताहेत. तुम्हीच व्हा ना पुढे!"

मी नानांकडे पाहिलं. नाना मास्तरांकडे. मास्तर सायकलची चेन बघू लागले.

एवढ्यात माई जिना उतरल्या. दोन्हीकडे बघितलं. सगळं ठप्प! पदर खोचला आणि मांजरीच्या मागोमाग सावकाश रस्ता ओलांडला. आक्का दारात उभी, डोळ्यांना पदर लावलेला.

साहेबांनी हात जोडले. "बाई, या बाजूने मांजरीची वाट ओलांडून चार पावलं पुढे चाला ना! म्हणजे आम्हांला सगळ्यांना निघता येईल."

"चालते की!" माई आक्काच्या पायरीवरून म्हणाल्या. "आधी चहा घेऊन येते."