पुलावरचे भूत आणि कादर सर

देगलूरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रा. कादर सरांची पहिली ओळख झाली ती एका जुन्या अमेरिकन भूतकथेमुळे. मुंडके नसलेला घोडेस्वार गावच्या मास्तरांच्या मागे लागतो आणि मास्तर गाव सोडून पळतात, अशी ती कथा. तिकडे म्हणे त्या घोडेस्वाराच्या नावाने अजून जत्रा भरते. आम्हांला इंग्रजी झेपेना, म्हणून सरांनी त्याला आमच्याच गावाजवळच्या पुलावर आणून उभे केले. वर्ग पोट धरून हसला.

दिवाळीपर्यंत तो घोडेस्वार गावात नांदू लागला. कुणाच्या आजोबांनी त्याला पाहिले होते, कुणाची म्हैस त्याने अडवली होती. फाट्यावर एस.टी.तून उतरून आम्हा चार मुलींना संध्याकाळी तोच पूल ओलांडावा लागे. माझ्या वडिलांनी माझे कॉलेज बंद केले.

हे कळताच सर घरी आले. "बाबा, ते भूत खोटं आहे. मीच आणलंय, अमेरिकेच्या पुस्तकातून."

"आणलं असंल सर," वडील म्हणाले, "पर आता हाय की. पोरगी न्हाई यायची."

सरांनी वाद घातला नाही. "मग मी येत जातो सोबत," एवढेच म्हणाले.

परीक्षेपर्यंत रोज सर आमच्याबरोबर फाट्यावर उतरत, चौघींना घरापर्यंत सोडत आणि मिळेल त्या वाहनाने देगलूरला परतत. पुढे गावालाच आमच्या जाण्यायेण्याची सवय झाली. त्या पायपिटीबद्दल सर कधी चकार शब्द बोलले नाहीत.

आज मी लातूरला तीच कथा शिकवते. "मॅडम, परीक्षेला येतं का हे?" एवढेच मुले विचारतात. खरे सांगते, आता थकायला होते. मागच्या महिन्यात सरांपुढे हेच रडगाणे गायले. पंचाहत्तरीचे सर खाटेवर गुडघे चोळत बसले होते.

"मीबी लई थकायचो त्या रस्त्यानं," ते म्हणाले. "तुझे वडील भुताला भीत नव्हते, बेटा. जवान पोरीबद्दल लोक काय म्हणतील, याला भीत होते. तसं तोंडावर बोललो असतो तर त्यांची मान खाली गेली असती. म्हणून भुताचंच नाव चालू दिलं."

वडील आता नाहीत. त्यांची मान शेवटपर्यंत ताठ राहिली आणि माझे कॉलेजही सुटले नाही. दोन्ही सरांच्या पायांनी सांभाळले. त्या पायांना आता विसावा मिळो आणि आमच्या सरांनी सुखाने शंभरी पाहावी.